तिसरा नकार

मेंगनं उजव्या पायातला बूट ओढून काढला, उपडा केला आणि झटकला. आतून काही पडलं नाही. खडा नव्हताच. बूटच तसा होता, रेशमी, नवाकोरा आणि टोचरा.

"ताईसाहेब, बुटाचं राहू द्या," समोर बसलेला याओ म्हणाला. "पुन्हा एकदा म्हणून बघू. त्या पोराचे कपडे कुठल्या रंगाचे होते?"

"विटके."

"लाल."

"हो, लाल."

याओनं डोळे मिटले. तो राजवाड्यातला विधिप्रमुख. कोणी कुठल्या दारानं आत यायचं, कोणता गुडघा आधी टेकायचा, सम्राटासमोर श्वास किती हळू घ्यायचा, सगळं त्याच्या डोक्यात होतं. डोकं एवढं भरलेलं आणि मान मात्र काडीसारखी, म्हणून ती सारखी एका बाजूला कलायची. आज तर जास्तच कलली होती. कित्येक रात्री त्याला धड झोप नव्हती.

"याओजी, एक सांगू का?" मेंग म्हणाली. "त्या दुष्काळात आमच्या गावातल्या पोरांच्या अंगावर तागाचं फडकंसुद्धा नव्हतं. लाल कापड कुणाकडे असणार?"

"अहो, म्हणूनच तर! माणसाच्या पोराकडे ते नसतंच. अग्निताऱ्याकडे असतं."

हे मेंगलाही ठाऊक होतं. तिच्या लिऊथुनसारख्या खेड्यातली म्हातारी माणसंसुद्धा सांगायची की आकाशातला तो लाल अग्नितारा कधीमधी पोराचं रूप घेऊन खाली उतरतो, गल्लीतल्या मुलांत खेळतो, त्यांना एखादं गाणं शिकवतो आणि दिवस मावळायला नाहीसा होतो. गाणं मागे राहतं. त्यात पुढे घडणारं सगळं असतं. लहानपणी मेंगचाही यावर विश्वास होता. खेळायला नवीन पोर आलं की ती आधी त्याचे कपडे बघायची.

"आणि मी नाही सांगितलं तर? तुमच्याकडे ते पांढरे तितर आहेत की शुभशकुनाला."

"तितरांचं नाव काढू नका." याओनं आवाज खाली आणला. "तीन जिल्ह्यांनी तीन धाडले. एक वाटेत भिजला आणि त्याचा रंग उतरला. दुसरा कोंबडी निघाली. तितरावर राज्य उभं राहत नाही, ताईसाहेब. हे गाणं मात्र सगळ्या मुलखाला पाठ आहे. आज जुने मंत्री, सेनापती, सगळे सभेत बसणार. गाणं आकाशाचं आहे म्हटलं की त्यातली विहीर, म्हणजे हे राज्य, एकाचंच होतं. माणसानं रचलंय म्हटलं की मग त्यातला दोर कुणीही धरेल. उत्तरेचा तो फेंग सेनापती पुढच्याच महिन्यात धरेल. मग पुन्हा पोरं मरतील. आता किती उरलीत, सांगा बरं?"

मेंगनं बूट पुन्हा पायात घातला. तो आधीपेक्षा जास्त टोचला.

सभेचा बेत साधा होता. जुन्या घराण्यातला शेवटचा सम्राट म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोर. त्यानं राजमुद्रा मेंगच्या भावाला देऊ केली होती. पण राज्य असं पहिल्या हाकेला घ्यायचं नसतं. तीनदा नको म्हणायचं, लोकांनी तीनदा गळ घालायची, मग नाइलाजानं हो म्हणायचं, अशी पूर्वापार रीत. दोन नकार देऊन झाले होते. आज शुभशकुन सांगितले जाणार, मेंग साक्ष देणार, तिचा भाऊ तिसऱ्यांदा नको म्हणणार. आणि उद्या सकाळी दक्षिणेच्या वेदीवर तो सम्राट होणार. उद्यापासून त्याचं नाव राज्यात कुणालाही उच्चारता येणार नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तीही रीतच.

याओनं मान सरळ केली. "शेवटचं एकदा, गाणं म्हणा. चालीवर नको, नुसतं म्हणा."

मेंगनं म्हटलं.

"तिसऱ्या, तिसऱ्या, घे घागर,
तुझ्या वाटेचा पिवळा डोंगर,
सूर्य बसलाय विहिरीतळी,
दोर ओढ, दोर ओढ, येईल वर."

"वा," याओ मनापासून म्हणाला. "काय एकेक शब्द आहे. आधीची दोन घराणी बुडाली, हे तिसरं. पिवळा म्हणजे भूमीचा रंग, आपल्या ध्वजाचा. सूर्य म्हणजे राजा, तळातून वर येणारा. आणि हे सगळं महाराज नऊ वर्षांचे असताना. अंगावर काटा येतो."

मेंगच्या अंगावर काटा आला नाही. तिला ती विहीर आठवली.

बाप नदीच्या बंधाऱ्यावर वेठीला गेला होता, तो परतला नव्हता. आई वैशाखात गेली. मधला भाऊ त्याआधीच गेला होता. घरात उरले दोघं, पंधरा वर्षांची मेंग आणि हा धाकटा भाऊ, तिसरा म्हणून तिसऱ्या. घराची मागची भिंत खचलेली. मेंगनं पिवळी माती खणून तिचा ढीग घातला, त्यात भुसा मिसळला, आता फक्त पाणी घालून तुडवायची होती. आणि तिसऱ्या? तिसऱ्या तुतीच्या झाडाखाली आडवा. तोंडावर तुतीचं पान. ऊठ म्हटलं की पान फुंकरीनं उडवायचा आणि दुसरं ठेवायचा. विहीर खोल गेली होती. तळाशी पसाभर पाणी, दुपारी ते लखलख करायचं. मेंग मारून थकली, रडून थकली, मग गायला लागली. पिवळा डोंगर म्हणजे तो चिखलाचा ढीग. एवढंच. आणि गाणं चार ओळींचं नव्हतंच मुळी. शेवटी आणखी दोन होत्या:

"नाही ओढलास तर बस उपाशी,
डुकराला घालीन तुझी लापशी."

तिसऱ्या उठला तो या दोन ओळींना. राज्याबिज्याला नाही.

गल्लीतल्या पोरांनी गाणं उचललं. सुया विकणारा एक फेरीवाला ते तालुक्याला घेऊन गेला. तिथून ते बंधाऱ्यावर गेलं, होड्या ओढणाऱ्यांच्या तोंडी बसलं, कारण दोर ओढायला त्याची लय बरी होती. डुकराच्या ओळी वाटेतच कुठेतरी गळाल्या. फार वर्षांनी गाणं लिऊथुनला परत आलं, तेव्हा त्याच्यासोबत लाल कपड्यातलं पोरही आलं होतं. तोवर तिसऱ्या, म्हणजे तान शौ, बंडखोरांचा म्होरक्या झाला होता. मेंग चुलीपुढे होती. तिचा पोरगा पेइ धावत आला, नेहमीसारखा एकाच पायात बूट घातलेला, दुसरा कुठेतरी हरवलेला. कानाच्या पाळीला कोंबड्यानं चोचीनं पाडलेली खाच, ती धावल्यावर लालबुंद व्हायची.

"आई, हे गाणं आकाशातून आलंय? आपल्या मामाचं आहे?"

मेंगच्या हाताला पीठ लागलेलं होतं. चुलीवर पाणी उकळत होतं. ती म्हणाली, "हो रे बाबा, हो. बूट शोध आधी."

एवढंच ती म्हणाली होती.

पुढे मिसरूड फुटल्यावर पेइ मामाच्या सैन्यात गेला. परत आला तो त्याचा एक सोबती. त्यानं दोन्ही हातांनी एक पुडकं पुढे केलं. आत पेइचा कमरपट्टा होता आणि बूट. एकच.

बाहेर पावलं वाजली. याओ एकदम आडवा पडल्यासारखा वाकला, कपाळ जमिनीला लावून मागच्या मागे सरकत दाराबाहेर गेला. दार लागलं.

तान शौ आत आला. काळा अंगरखा, डोक्यावर उंच टोपी. दार लागल्यावर त्यानं टोपी काढून चटईवर ठेवली, बहिणीसमोर बसला आणि पाय सरळ लांब केले. असं पाय पसरून बसणं राजवाड्यात कुणी पाहिलं असतं तर याओला झीटच आली असती.

"शिकवून झालं तुला?"

"झालं. मी इतकी ढ आहे, त्या बिचाऱ्याची मान मोडायची वेळ आली."

"माझीही." त्यानं मान चोळली. "ताई, नको नको म्हणून मी आता वैतागलोय. दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा याओ म्हणाला, महाराज, जरा मनापासून म्हणा."

"तुला सवय नाही ना. जेवताना कधी नको म्हणाला नाहीस."

तो हसला, पण हसू तोंडातच राहिलं. त्यानं डाव्या पायाचा मोजा काढला. त्या पायाला दोनच बोटं होती. बाकीची खिंडीतल्या बर्फात गेली होती. मेंगनं पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं तळवा दाबायला लागली. राजा असो नाहीतर कुणी, पाय दुखायचा तसाच दुखतो.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"भूक नाही." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला खरं सांग. ते गाणं तू रचलंस ना?"

मेंगचा अंगठा थांबला नाही.

"मी अर्धवट झोपेत होतो," तान शौ म्हणाला. "तोंडावर पान होतं, काही दिसत नव्हतं. पण आवाज तुझा होता. घशात धूळ बसलेला. नंतर लोकांनी ते लाल पोर इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते दिसायला लागलं. आता माझं मलाच कळेनासं झालंय."

"लहान होतास तू."

"माझ्याकडे बघ, ताई." त्यानं दोन्ही तळहात पुढे केले. त्यांवर दोराचे जुने वळ होते, वाळलेल्या ओढ्यांसारखे. "तिशी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो. वाळूत काठीनं गिरवून, आणि माझेच शिपाई हसायचे. माणसं जेवल्याशिवाय जेवलो नाही, ती झोपल्याशिवाय झोपलो नाही. चारदा हरलो. चारदा पळालो आणि चारदा परत फिरलो. ते कुणी विचारत नाही. म्हणतात, त्यात काय, ते तर आधीच ठरलेलं होतं. लोक माझ्याकडे बघतात ना, ते माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या डोक्याच्या वरच्या हवेकडे बघतात. उद्यापासून तर मला नावसुद्धा नसेल."

मेंगनं त्याच्या पायावर मोजा चढवला. तो उलटा चढला होता. तिनं पुन्हा काढला.

"एका माणसानं एकदा तरी म्हणावं, की हे यानं केलं. तू म्हण. सभेत म्हण. हा आळशी होता, पाणी आणत नव्हता, म्हणून मी गाणं रचलं, असं सांग. मग आकाशानं नाही, मीच दोर ओढला, हे लोकांना कळेल."

"आणि तो उत्तरेचा फेंग?"

"त्याचं मी बघून घेईन."

हे तो ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज बघून घेणाऱ्याचा नव्हता. मेंगला तो चांगला ठाऊक होता. संध्याकाळी शेवटची घागर उंबऱ्याशी ठेवून तो असाच म्हणायचा, उद्या आणखी आणतो. आणि बसल्या जागी झोपायचा.

तिच्या जिभेवर आलं होतं. खरं म्हणजे किती सोपं होतं! हो रे, मीच रचलं. एवढे चार शब्द, की हा पोरगा आज पोटभर जेवेल. तिनं मोज्याची नाडी बांधली. मग विचारलं:

"पेइ काय म्हणत होता? तो गेला त्या दिवशी, नदीच्या उतारावर, पाण्यात शिरताना?"

तान शौनं हात मागे घेतले.

"तुला सांगितलं असेल त्याच्या सोबत्यानं."

"त्यानं बूट दिला आणि रडला. तू सांग."

बाहेर कुणीतरी अंगणातली खडी झाडत होतं. खराट्याचा आवाज जवळ आला आणि लांब गेला.

"नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते," तान शौ म्हणाला. "नावा पलीकडे न्यायच्या तर पोरांनी दोर घेऊन आधी पाण्यात शिरायला हवं होतं. कुणी शिरेना. हुकूम दिला तरी शिरेना. मग पेइ पुढे झाला आणि त्यानं सूर धरला. दोर ओढ, दोर ओढ. तो म्हणाला, अरे, हे गाणं आकाशाचं आहे, माझ्या आईला विचारा. असं म्हणाला आणि शिरला. मग बाकीचे शिरले."

"भ्यायला होता?"

"नाही. हसत होता."

"आणि तू?"

तान शौनं चटईवरची टोपी फिरवून ठेवली.

"मी नावेत होतो, ताई."

मेंगनं त्याचा पाय मांडीवरून उचलून चटईवर ठेवला, हलकेच, उतू जाईल असं भांडं ठेवावं तसा. मग आपल्या अंगावरचा रेशमी झगा नीट केला. नीटच होता तो, तरी केला.

"गाणं मी नाही रचलं," ती म्हणाली. "मला एवढी अक्कल कुठली? लाल कपड्यातलं एक पोर होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "लाल?"

"लालच."

"शेवटी आणखी दोन ओळी होत्या. काहीतरी होत्या ना?"

"नव्हत्या."

त्यानं मान हलवली. टोपी उचलली, पण डोक्यावर घालायला त्याला वेळ लागला. बंद सारखे निसटत होते. मेंगनं उठून हनुवटीखाली गाठ मारून दिली, तशीच, जशी ती आधी मारायची, जरा जास्तच घट्ट.

"जा, तिसऱ्या," ती म्हणाली. "आज अजून म्हणता येतंय, म्हणून म्हणून घेते."

सभेचं दालन लांबलचक होतं. दोन्ही अंगांना मंत्री आणि सेनापती गुडघ्यांवर बसलेले, समोर उंचावर तान शौ. जुन्या सम्राटाचा दूत राजमुद्रेची पेटी घेऊन एका बाजूला. याओनं शुभशकुन वाचले. गोड दव पडलं, हे सांगून झालं. तितरांवरून तो पाण्यावरून बगळा जावा तसा गेला. मग त्यानं मेंगचं नाव घेतलं.

ती पुढे आली. बूट दाराशी काढून ठेवावे लागले होते, त्यामुळे चालताना बरं वाटत होतं. योग्य तो गुडघा आधी टेकला. याओचा जीव भांड्यात पडलेला तिला इथून दिसला.

"तुमच्या गावात हे गाणं कुणी शिकवलं?" याओनं विचारलं.

"एका पोरानं."

"ते कुणाचं होतं?"

"गावातल्या कुणालाच माहीत नव्हतं."

"त्याचे कपडे?"

"लाल होते."

इथे तिनं थांबायचं होतं. याओनं तसं पढवलं होतं. मेंग थांबली नाही.

"आठ-नऊ वर्षांचं असेल," ती म्हणाली. "धावत आलं. एका पायात बूट होता, दुसरा पाय अनवाणी. मी म्हटलं, बूट कुठाय रे? तर म्हणालं, हरवला. आणि हसलं. त्याच्या कानाच्या पाळीला खाच होती, कोंबड्यानं टोचल्यासारखी. धावून आल्यामुळे तो कान लाल झाला होता. नाक खांद्याला पुसायची सवय. ते स्वतः पुढे उभं राहिलं आणि गायला लागलं. मग बाकीची पोरं त्याच्या मागून गायला लागली. त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती."

लेखनिकांचे कुंचले सरसर चालत होते. एक म्हातारा मंत्री शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "कानाला खाच. तारा तुटतो ना, त्याची खूण ती." शेजाऱ्यानं गंभीरपणे मान डोलावली. उत्तरेचा सेनापती फेंग मेंगकडे रोखून बघत होता. मग त्यानं खाली बघितलं, आणि सगळ्यांत आधी त्यानंच कपाळ जमिनीला टेकवलं. त्याच्यामागून इतरांनी.

"दिवस मावळला तेव्हा ते पोर कुठे गेलं?" याओनं विचारलं. एवढं चांगलं त्यानंही लिहून दिलं नव्हतं.

"नदीकडे गेलं," मेंग म्हणाली. "परत आलं नाही."

तिनं वर पाहिलं नाही. वर पाहायची मनाईच होती. समोरच्या पायरीवर काळ्या अंगरख्याची कड तेवढी तिला दिसत होती. ती कड हलत होती, दालनात वारा नव्हता तरी.

दूतानं राजमुद्रेची पेटी पुढे केली. आता तिसरा नकार. शब्द ठरलेले होते, सगळ्यांना पाठ होते, पोरासोरांनाही. माझ्या अंगी ती योग्यता नाही. हे माझं कर्तृत्व नव्हे. तान शौनं तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आला नाही. याओ ओठांच्या ओठांत शब्द पुटपुटून त्याला आठवण करून द्यायला लागला.

"माझ्या अंगी," तान शौ म्हणाला आणि थांबला. "माझ्या अंगी ती योग्यता नाही."

पुढचं वाक्य फार हळू आलं.

"हे माझं कर्तृत्व नव्हे."

मंत्र्यांच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. मग आणखी एक. बाहेर पडताना याओनं मेंगला दाराशी गाठलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि मान कधी नव्हे ती सरळ होती. "ऐकलंत, ताईसाहेब? आयुष्यात इतके नकार ऐकले मी, पण असा नाही. मनापासून म्हटलं महाराजांनी. शेवटी जमलं."

मेंगनं बूट हातात घेतले आणि अनवाणीच आपल्या खोलीकडे गेली.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. तिनं झगा काढून घडी घातला, आपला जुना तागाचा अंगरखा घातला आणि खिडकीशी बसून राहिली. अंगणात उद्याच्या मिरवणुकीचे पिवळे ध्वज काठ्यांना बांधायचं काम चाललं होतं. बांधणारे दमलेले होते. एकानं जांभई दिली की ती पुढे पुढे सगळ्यांकडे जात होती.

दार वाजलं. मुदपाकखान्यातली एक दासी आत आली. हातात तबक, तबकात झाकलेली वाटी. बाई बिचारी गोंधळून गेलेली दिसत होती.

"महाराजांनी पाठवलंय," ती म्हणाली. "राळ्याची लापशी आहे. त्यांनी स्वतः सांगून करवली. वाढली तर खाल्ली नाही. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, बाई, आणि वाटी तशीच उचलून तुमच्याकडे न्यायला सांगितली. आणि म्हणाले..." ती अडखळली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ताईला सांग, डुकराला घाल." दासी रडकुंडीला आली. "आता राजवाड्यात डुक्कर कुठून आणायचं? मी ऐकण्यात चुकले असेन का?"

मेंगनं झाकण काढलं. लापशीवर पातळ साय धरली होती. वाफ अजून येत होती. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. खाली अंगणात कुणीतरी ध्वजाची दोरी ओढताना सवयीनं तेच गाणं म्हणायला लागलं. चार ओळी म्हणून पुन्हा पहिलीपासून.

तिनं झाकण ठेवलं आणि वाटी तबकात परत ठेवली.

"परत ने," ती म्हणाली. "त्याला सांग, बहिणीनं निरोप दिलाय. म्हणावं, तूही ओढलास. आता जेव."

दासीनं निरोप ओठांतल्या ओठांत घोकला. "तूही ओढलास, आता जेव. एवढंच?"

"एवढंच. आणि पाय उचल जरा. गार होईल."